मुळांवरच्या गाठी

सासऱ्यांनी चवळीची चौथी ओळ उपटून संपवली आणि पाचवीला हात घातला, तेवढ्यात सून बांधावरून धावत आली.

“बाबा, थांबा! काय करताय हे?”

“तुझा मका वाचवतोय.” त्यांनी मातीने भरलेलं एक रोप तिच्यापुढे धरलं. “मुळं बघ. गाठीच गाठी. रोग आहे हा. आज चवळीला, उद्या मक्याला.”

मक्याच्या दोन ओळींमध्ये चवळी पेरायची टूम सुनेची. शेंगा तोडून झाल्या की वेल तिथल्या तिथे मातीत गाडायचे, म्हणजे पुढच्या पिकाला खत कमी लागेल आणि चार पैसे सुटतील, असं तिचं म्हणणं. सासरे पेरणीपासूनच नाक मुरडून होते. सकाळी सहज एक रोप उपटून पाहिलं आणि संशय खरा ठरला. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं होतं.

सून खाली बसली. रागाने चेहरा लाल झाला होता, पण तिने आवाज चढवला नाही. मुळावरची एक गाठ नखाने खुडली. ती अलगद सुटून आली. मग तिने ती चिरडली. आत लालसर होतं.

“रोगाची गाठ अशी सुटत नाही, बाबा. त्यात मूळच सुजतं. ही चांगली गाठ. हवेतून खत ओढून घेते. आत लाल आहे म्हणजे काम नीट चाललंय.”

“चवळीला नेहमीच येते ही?”

“आपल्या जमिनीत येतेच. का हो?”

ते पुन्हा वाकले. खाली पडलेल्या रोपांवरच्या गाठी एकेक करून फोडत राहिले. सगळ्या लाल.

तीस वर्षांपूर्वी याच शेतात त्यांच्या बायकोने हौसेने चवळी लावली होती. ऐन फुलोऱ्यात अशाच गाठी पाहून त्यांनी अख्खं शेत उपटलं, ढीग करून पेटवून दिला आणि चार माणसांत तिला म्हणाले, तुझा हातगुणच वाईट. त्यानंतर तिने शेतात पाऊल टाकलं नाही. ते बरंच झालं असं ते आजवर मानत आले होते. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

“उपटलेलं मक्याच्या बुडाशी पसरू,” सून जरा मवाळ होऊन म्हणाली. “अगदीच वाया नाही जाणार.”

“तू पसर. मला घरी काम आहे.”

बायको ओट्याशी भांडी पुसत होती. त्यांनी मुळासकट रोप तिच्यासमोर ठेवलं, गाठ फोडून दाखवली आणि सुनेने सांगितलेलं सगळं अडखळत सांगितलं. ‘तेव्हाही रोग नव्हताच’ एवढं मात्र त्यांनी रोपाकडेच बघत म्हटलं.

तिने फुटलेली गाठ बोटावर घेऊन बराच वेळ पाहिली.

“आज किती उपटलंत?”

“चार ओळी.”

“चारच? सुधारलात म्हणायचं.”

तिने फडकं खुंटीला अडकवलं आणि दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

“चला. पुढे व्हा तुम्ही,” ती म्हणाली. “मला आता वाट आठवत नाही.”