मिस आयसी चार पायांवर

यातला शब्द न् शब्द खरा आहे. डोक्यावर बायबल ठेवून सांगते, ज्याला खोटं वाटेल त्याच्या मक्याच्या पेजेत जन्मभर गुठळ्या होवोत.

जमैकात सेंट एलिझाबेथला, लाल मातीच्या मुलखात, मिस आयसी राहायची. पोरं घडवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं तिचं स्वतःचं मत. रोज सकाळी अंघोळ झाली की नातवाला खोबरेल चोळायचं, हात ताणून छातीवर फुलीसारखे एकमेकांवर आडवे घ्यायचे, मग दंड धरून लोंबकळवायचं, मग घोटे धरून उलटं. नातू ओशेन उलटा टांगला की वटवाघळासारखा जांभई द्यायचा. "माझ्या हातचं पोर आठव्या महिन्यात चालतं," हे ती चर्चमध्ये सांगायची, बाजारात सांगायची, मयताला गेली तरी सांगायची.

ओशेनला दहावा महिना संपत आला. तो बसायचा मात्र झकास, राजासारखा. पुढे काही नाही.

त्याची आई मार्व्हलिन, म्हणजे आयसीची लेक, माँटेगो बे शहरातल्या हॉटेलात कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायची. या खेपेला पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आई, उद्या दवाखान्यात दाखवू. सिस्टर जर म्हणाली पोर मागे पडलंय, तर मी त्याला घेऊन जाणार. तिकडे पाळणाघर आहे."

"पाळणाघरात त्याला उलटं कोण टांगणार?"

"कोणी नाही. देवाची कृपा."

मिस आयसी हसली. पण पोर गेलं तर सकाळ उजाडून करायचं काय?

दवाखान्यात सिस्टर ब्रॉमफील्डनं खुळखुळा डावीकडे वाजवला, उजवीकडे वाजवला. ओशेननं दोन्हीकडे मान वळवली. बटण ठेवलं, ते त्यानं दोन बोटांत उचललं.

"कान छान, डोळे छान, चिमूट तर सोनाराची. आता चटईवर सोडा, रांगतो कसा बघू."

"रांगायला तो काय बकरी आहे? आमच्यात पोरं थेट चालतात."

"मिस आयसी, त्याला जमिनीवर कधी सोडलंत?"

"सिस्टर, माती लाल आहे आमची. कपडे कोण धुणार?"

"मग दिवसभर असतो कुठे?"

मार्व्हलिन म्हणाली, "हिच्या कडेवर. पोराला ही नुसती फिरवते, सिस्टर. चालते हीच."

बाकावरच्या बाया खुदखुदल्या. सिस्टर म्हणाली, "हात ताणून दिलेत, पाय ताणून दिलेत. पण ते वापरूच दिले नाहीत, तर मेंदूला कसं कळावं ते कशासाठी आहेत?" आणि तिनं लिहायला पेन उचललं.

"थांबा, लिहू नका. त्याला कोणी दाखवलं नाही म्हणून."

असं म्हणून मिस आयसी, चर्चची टोपी, इस्त्रीचा झगा, सगळ्यासकट चटईवर उतरली. गुडघे टेकले, हात टेकले, दोन पावलं रांगली आणि कंबर धरली. ना पुढे, ना मागे. दोघी बाया ओढायला धावल्या, तर म्हणते कशी, "हात लावू नका, मोडेन."

चटईवर बसवलेल्या ओशेननं तिच्याकडे पाहिलं. सरकत सरकत जवळ आला, झग्याला धरून उभा राहिला आणि आजीच्या पाठीवर हात टेकत कमरेपासून खांद्यापर्यंत चालत गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथून तिची टोपी ओढली.

सिस्टरनं मोठ्यानं म्हणत लिहिलं, "फर्निचर धरून चालतो."

"फर्निचर कोणाला म्हणालात?" खालून आवाज आला.

"जुनं आहे, पण मजबूत आहे."

मार्व्हलिन हसून हसून बाकावर बसली. "राहू दे त्याला तुझ्याकडे. पण रोज मातीत सोडायचं."

"आणि कपडे?"

"फर्निचर धुवेल."

एवढंच. आता एक कबूल करते. आयसीची कंबर धरली होती, ते मी पदरचं घातलं. तिला चांगलं उठता येत होतं. पण पाठीवर ते दोन ओले हात होते. उठली असती, तर तो पडला असता.