जनाबाईंनी पोलीस पकडला

अंबरनाथ पूर्वेच्या समता सोसायटीत त्या वर्षी उन्हाळ्यात दोन घरं फुटली. दोन्ही भरदुपारी. भावना पगारेच्या घरातून तर चोरांनी टीव्ही चादरीत गुंडाळून नेला. जिन्यात भेटलेल्या दोघा रहिवाशांनी त्यांना वाटही करून दिली. रिपेअरिंगवाले असतील, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर पोलीस चौकीचे पीएसआय हरिचंद्र भोईर यांनी आसपासच्या इमारतींची बैठक घेतली. बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला सांगून जायचं, अनोळखी माणूस दिसला की कोणाकडे आलात ते विचारायचं, आणि शंका आली की चौकीला फोन करायचा, असं ठरलं. मग दर महिन्याला बैठक होऊ लागली. चहा व्हायचा, सगळं छान चाललंय असं सगळेच सांगायचे. बैठकीत सगळं छानच असतं, हे भोईरांना नोकरीत कळून चुकलं होतं. म्हणून ऑक्टोबरात त्यांनी महेंद्र जाधव या नव्या शिपायाला बोलावलं. तो नुकताच बदलून आला होता, त्याला इथे कोणी ओळखत नव्हतं.

"साध्या कपड्यात जा," भोईर म्हणाले. "हातात अवजारांची पिशवी घे आणि बंद घराच्या कुलपाशी खटपट कर. कोण हटकतं ते बघायचं."

"आणि साहेब, मारलं तर?"

"तर योजना चालली म्हणायची."

महेंद्र आधी शेजारच्या इमारतीत गेला. बराच वेळ एका कुलपाशी वाकून उभा राहिला. जिना उतरणारे एक काका थांबले. "अंधार आहे, लाइट लावू का?" म्हणाले, लाइट लावून दिला आणि निघून गेले.

मग तो समता सोसायटीत आला. दुसऱ्या मजल्यावर कमळाकर म्हात्रेंच्या घराला कुलूप होतं. त्याने पिशवी खाली ठेवली, तोच समोरचं दार उघडलं. दारात जनाबाई गायकवाड उभ्या.

"कोणाकडे?"

"म्हात्रे साहेबांकडे. नळ गळतोय, त्यांनी बोलावलंय."

"कधी बोलावलं?"

"आज सकाळी."

"म्हात्रे भातकापणीला गावी गेलेत. जाताना मला सांगून गेलेत, पाण्याचा मेन कॉक बंद केलाय म्हणून. मग नळ गळेल कसा?"

महेंद्र पिशवी उचलू लागला. जनाबाईंनी आवाज मऊ केला. "उन्हातून आलास बाबा. ये, आधी पाणी पी."

त्याला खरोखरच तहान लागली होती. तो आत गेला आणि मागे बाहेरून कडी लागली.

जनाबाई धावत वर भावनाकडे गेल्या. "चोर कोंडलाय माझ्या घरात. चौकीला फोन लाव."

भावनाने मोबाइल उचलला आणि थबकली. "मावशी, काका कुठेत?"

"अगं बाई," जनाबाई म्हणाल्या. "ते आतच झोपलेत."

आत जनाबाईंचे यजमान सुदामराव जागे झाले होते. समोर कोण बसलंय हे त्यांना समजेना. महेंद्रने मुकाट्याने ओळखपत्र पुढे केलं.

"कार्डाचं काय सांगतोस?" सुदामराव म्हणाले. "बाजारात काय वाटेल ते छापून मिळतं. चहा घेणार?"

"घेईन."

भोईर आले तेव्हा जिन्यात अख्खी सोसायटी जमली होती. कोणाच्या हातात लाटणं, कोणाच्या हातात बॅट. कडी काढली तर आत महेंद्र आणि सुदामराव चहात खारी बुडवून खात होते. भोईर इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला.

"हा आमचाच माणूस आहे, ताई. तुमची परीक्षा होती. पास झालात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनाबाई मात्र हसल्या नाहीत. "आमची झाली, साहेब. तुमची कोण घेणार? भावना फोन लावतेय लावतेय, चौकीचा फोन एंगेज. तुम्ही येईपर्यंत ह्यांचा दुसरा चहा झाला. खरा चोर थांबला असता का चहाला?"

भोईर मान हलवून म्हणाले, "हे बरोबर आहे तुमचं. इथे आम्ही नापास."

पुढच्या बैठकीत त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, शेजारच्या इमारतीतला लाइटचा किस्साही सांगितला. चौकीच्या फोनवर भरवसा ठेवायला नको म्हणून महेंद्रचा मोबाइल नंबर प्रत्येक जिन्यात लावला, आणि दुपारची फेरी त्याच्याकडे दिली. लाइट लावून देणारे काका स्वतःच उठून उभे राहिले. "तो मी," एवढंच म्हणाले, आणि बैठक हसून लोळायची बाकी राहिली. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की आता ते नेहमीच्या गॅसवाल्यालाही कोणाकडे म्हणून विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

दिवाळीत निम्मी सोसायटी बाहेरगावी होती. एकही घर फुटलं नाही. घर कोणावर टाकायचं म्हणून कित्येक वर्षं कुठे न गेलेले जनाबाई आणि सुदामराव नाशिकला मुलीकडे गेले. किल्ली भावनाकडे. दोन दिवसांनी जनाबाईंनी तिला फोन केला.

"सगळं ठीक ना गं?"

"मावशी, तुमच्या मोगऱ्याला पाणी घालतेय. निवांत राहा."

दोन दिवसांसाठी गेलेले दोघं आठवडाभर राहिले.