उतरून चालावे

सभागृहाचं कुलूप अजून निघालं नव्हतं, तरी आनंदराज दारासमोरच्या बाकावर येऊन बसला होता. शिपायाने किल्ल्यांचा जुडगा वाजवत त्याच्याकडे पाहिलं.

“सभा अकराला हाय काका. आत्ता दहा बी वाजले न्हाईत.”

“हाव, माहीत हाय.”

“मग एवढ्या लवकर? सत्कार-बित्कार हाय का तुमचा?”

आनंदराज नुसता हसला. कार्यालयाच्या पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना तो कठडा धरून चढला होता आणि तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं, एवढंच त्याला हवं होतं. तो सगळीकडे असाच आधी पोचे. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या पालकसभेत, मयताच्या घरीसुद्धा. लोक येत तेव्हा तो बसलेला असे आणि लोक गेल्यावर उठे.

डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. चालायचं तर डावा हात मांडीवर दाबून, कंबर एका अंगाला टाकून पाऊल पुढे ओढावं लागे. सायकलवर मात्र तसं नव्हतं. उजवा पाय काम करी, डावा पायडलवर नुसता फिरे आणि नांदेडच्या रस्त्यावर कुणालाही त्यात वेगळं काही दिसत नसे. चढा-उतरायला एखादा ओटा किंवा कठडा मिळाला की झालं. दुकानात तर प्रश्नच नव्हता. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम, आणि त्याची खुर्ची काउंटरच्या मागे. गिऱ्हाइकांना तो कमरेच्या वर तेवढा माहीत होता.

अपंगाच्या कोट्यातून त्याला सरकारी नोकरी लागू शकली असती. त्यासाठी प्रमाणपत्र काढायला वडील, ग्यानोबा, त्याला विशीत दवाखान्यात घेऊन गेले होते. दाराबाहेर रांगेत उभा असताना आतून डॉक्टरांचा आवाज आला, “हं, चालून दाखव.” आत कुणीतरी चालू लागलं. त्या पायांचा आवाज ऐकून आनंदराज रांगेतून निघाला, तो पुन्हा तिकडे गेला नाही.

आज इथे येणं हे लेकीमुळे झालं होतं. धम्मप्रिया स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि सरकारी भाषा तिला घरच्या भाषेसारखी वाचता येई. काल रात्री जेवताना तिने पेपरातली जाहीर सूचना वाचून दाखवली. रस्त्यावरच्या पाट्या आणि पट्टे यांची नवी मानकं ठरत होती, नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. सायकलींसाठी कुठे वेगळी पट्टी आखणार, कुठे डांबरावर सायकलचं पांढरं चित्र काढणार. आणि अरुंद पुलांवर एक नवी पाटी लावणार: सायकलस्वारांनी उतरून चालावे.

“आपला पूल बी त्यात हाय पप्पा. यादी बघितली मी.”

आनंदराजचा घास हातातच राहिला. घर गोदावरीच्या अलीकडे, दुकान पलीकडे.

“मग आटोनं जावा,” तव्यावरची भाकरी उलटत पंचफुला म्हणाली. “न्हाईतर ती बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर घ्या. लई दिवसांपासून सांगून राहिले मी.”

“ती नको.”

“का नको? लोकांना कळंल म्हणून? लोकांना ठावंच हाय. ठावं न्हाई असं तुम्हाला एकट्यालाच वाटतं.” मग ती लेकीकडे वळली. “ह्यांचं पयल्यापासून असंच. मला बघायला मुखेडला आले, तर बाकीचे पावणे यष्टीतून उतरून राहिले अन् हे आधीच येऊन खुर्चीत बसलेले. अन् वर ह्यांची सरजाआत्या मला म्हणती, पोरी, जरा चालून दाखव. दारापासून चुलीपर्यंत गेले, पुन्हा माघारी आले. हे आपले बसूनच.”

“तुला माहीत नव्हतं?”

“तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं की सगळं. ते कशाला लपवतील? लपून राहिले ते हेच.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? माझे दोन्ही पाय चांगले निघाले, झाले पसंत!”

धम्मप्रिया खळखळून हसली. आनंदराजही हसला. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की तिच्यावर हसायचीच रीत पडली होती. फक्त दर वेळी त्याच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

“पप्पा, उद्या तुम्हीच बोला,” धम्मप्रिया म्हणाली होती. “ज्याचं जळतं त्यानंच बोलावं. मी येते तुमच्यासंगं.”

आणि तो हो म्हणाला होता.

अकराच्या सुमाराला सभागृह निम्मं भरलं. आनंदराज शेवटून दुसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसला होता. धम्मप्रिया आली आणि त्याच्या शेजारी बसली. पुढच्या रांगेत रंगीत जर्सी घातलेली सायकल क्लबची मंडळी होती. त्यातला प्रीतम नावाचा उंच तरुण मागे वळून सगळ्यांशी हात मिळवत होता. त्याने आनंदराजचाही हात हातात घेतला.

“काका, तुम्ही पण सायकलवालेच का?”

“हाव. दुकानात जातो-येतो.”

“रोज?”

“रोजच.”

“बघा! आम्ही रविवारचे शौकीन. माहूरच्या घाटात जाऊन फोटो काढतो अन् पुन्हा आठवडाभर कारमध्ये. खरे सायकलवाले तुम्ही. आज तुम्ही बोलाच.”

आनंदराजला बरं वाटलं. मनातल्या मनात त्याने वाक्य जुळवलं. साहेब, मी पायानं अधू आहे, सायकल हेच माझे पाय आहेत. ते त्याला नाटकी वाटलं. त्याने दुसरं जुळवलं. साहेब, काही लोकांना सायकल चालवता येते, पण चालता येत नाही. हे बरं होतं. ह्यात ‘काही लोक’ होते.

सत्कार झाले, प्रास्ताविक झालं. मग पडद्यावर एकेक चिन्ह येऊ लागलं आणि अध्यक्षस्थानी बसलेले साहेब ते समजावून सांगू लागले. शेवटी पुलावरची पाटी आली. निळ्या वर्तुळात एक पांढरा माणूस सायकल हातात धरून चालला होता. ताठ. त्याचे दोन्ही हात सायकलच्या हँडलवर होते. आनंदराज त्या हातांकडे बघत राहिला. पाऊल टाकायला त्या माणसाला हात लागत नव्हता.

“लातूरची सुनावणी मागच्या आठवड्यात झाली,” साहेब म्हणाले. “तिथे या पाटीवर एकही हरकत आली नाही. इथे कुणाची आहे का?”

प्रीतम उठून माइकपाशी गेला. “क्लबची काही हरकत नाही सर. पुलावर खरंच धोका आहे. दोन मिनिटं पायी चाललं तर कुणाचे पाय झिजत नाहीत.”

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. धम्मप्रियाने वडिलांना कोपराने हलकंच ढोसलं, आणि आनंदराजचा हात वर गेला.

“हां, तिकडे मागे. या साहेब, पुढे या. माइकवर बोला, रेकॉर्डिंग चालू आहे.”

सगळ्या माना मागे वळल्या. त्याच्या खुर्चीपासून माइकपर्यंत सबंध सभागृहाची लांबी होती. मधली वाट मोकळी आणि फरशी गुळगुळीत. प्रीतमने माइक त्याच्यासाठी धरूनच ठेवला होता. आनंदराजने खुर्चीच्या हाताला धरलं, आणि सोडलं.

“न्हाई साहेब, माझं काही न्हाई. इकडचा पंखा बंद हाय, एवढंच सांगायचं होतं.”

सभागृह खदखदून हसलं. “ही सूचना ताबडतोब मंजूर,” साहेब म्हणाले. शिपायाने बटण दाबलं. आनंदराजच्या डोक्यावर पंखा फिरू लागला.

धम्मप्रिया उभी राहिली.

“सर, माझी हरकत आहे. काही लोकांना सायकल चालवता येते, पण पायी चालता येत नाही. पोलिओ झालेले लोक असतात. त्यांनी पूल कसा ओलांडायचा?”

हसू ओसरलं. साहेबांनी चष्मा काढला. “मुद्दा चांगला आहे. पण असं प्रत्यक्षात कुणी आहे का? तुमच्या बघण्यात? आज आलेत का ते?”

धम्मप्रियाने खाली वडिलांकडे पाहिलं. आनंदराज पंख्याकडे बघत होता. तिची नजर आपल्यावर आहे हे त्याला कळत होतं. तरी तो पंख्याकडेच बघत राहिला.

“नाही सर,” ती म्हणाली. “ओळखीतले आहेत एक.”

“मग त्यांना उद्यापर्यंत लेखी द्यायला सांगा. सोबत प्रमाणपत्र जोडा म्हणावं.”

ती बसली. आभारप्रदर्शन झालं. लोक उठले, रेंगाळले, चहाला गेले. ती दोघं बसून राहिली. नेहमी अशा वेळी ती त्याच्या डाव्या अंगाला येई आणि त्याचा हात धरून चाले, जणू तिलाच आधार हवा होता. शिपायाने येऊन पंखा बंद केला.

“ओळखीतले म्हणाले मी तुम्हाला,” ती म्हणाली.

आनंदराज थांबत चाललेल्या पंख्याकडे बघत होता.

“तुम्हाला तेच पायजे होतं ना पप्पा?”

तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती राग न धरता विचारत होती, एखाद्याला चहात साखर किती ते विचारावं तसं. मग ती उठली आणि त्याच्या आधी जिना उतरून गेली. तो कठडा धरून एकेक पायरी उतरला तेव्हा तिची स्कूटी फाटकाबाहेर पडली होती.

त्या संध्याकाळी सायकलवरून पूल ओलांडताना आनंदराजने प्रथमच पुलाची लांबी बघितली. आजवर तो नदीकडे बघत जात असे. घरी पंचफुलाने विचारलं, “काय म्हणले साहेब?” धम्मप्रिया म्हणाली, “पप्पांनी पंखा लावून घेतला.” पंचफुला हसली, पण दोघांची तोंडं बघून मधेच थांबली. तिने पुढे काही विचारलं नाही. मुखेडची गोष्टही त्या रात्री निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाराला आनंदराजने हातातली काच खाली ठेवली आणि दुकानाचा मालक रुद्रेश याच्याकडे तासाभराची सुट्टी मागितली. रुद्रेश मूळचा उदगीरचा, वयाने लहान आणि जिभेचा मोकळा.

“पुन्हा तिकडंच? काल पंखा झाला, आज काय कूलर मागता का मामा?” सभेतली गोष्ट दुकानापर्यंत पोचली होती.

“येतो लवकर,” आनंदराज म्हणाला.

कार्यालयात ऐन गर्दीची वेळ होती. जिन्यात माणसं चढत-उतरत होती. एका बाईने त्याला वाट द्यायला लेकराला जवळ ओढलं. लेकरू त्याच्या पायाकडे बघत राहिलं. त्याने त्याला बघू दिलं.

हरकती घेणारी कारकून मुलगी काल मंचाच्या कडेला बसून टिपणं घेत होती. टेबलावर तिच्या नावाची पाटी होती, वर्षाराणी. तिच्यासमोर पाच-सहा जणांची रांग होती. आनंदराजचा नंबर आला तसा त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. तिने तो वाचला.

“हे म्हणजे काल त्या ताई बोलल्या तेच ना? त्यांच्या ओळखीतले ते तुम्हीच का?”

“ती माझी लेक हाय.”

वर्षाराणीने मान वर केली. तिला पंखा आठवला असावा. ती हसली नाही. तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचल्यासारखं केलं.

“प्रमाणपत्र जोडावं लागेल काका.”

“न्हाई माझ्याकडं. कधी काढलंच न्हाई.”

“मग मी कशावरून लिहू की तुम्हाला...” तिने वाक्य अर्धं सोडलं.

“चालून दाखवतो.”

“अहो, नको. तसं काही...”

पण तो वळला होता. त्याने डावा हात मांडीवर दाबला आणि टेबलापासून दाराकडे निघाला. रांगेतल्या लोकांनी आपल्या पिशव्या पायाशी ओढून घेतल्या. खोलीत बोलणं चालू होतं, ते एका कडेने बंद होत गेलं. चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज तेवढा राहिला. हाच आवाज त्याने विशीत दवाखान्याच्या दाराबाहेर उभं राहून ऐकला होता. चहाचा ट्रे घेऊन आत येणारा कालचा शिपाई दारातच थबकला आणि बाजूला झाला. त्याने मान खाली घातली.

दाराशी पोचून आनंदराजने चौकटीला हात टेकला. कान पेटल्यासारखे झाले होते.

“बस झालं काका,” वर्षाराणी खुर्चीतून उठली होती. “मी स्वतः बघितलं असं लिहिते. शिक्का मारते. शिपाईदादा, त्यांना खुर्ची द्या तिकडंच.”

शिपाई ट्रे ठेवायला जागा शोधू लागला.

“थांबा बाई,” आनंदराज म्हणाला. “अजून माघारी यायचं राहिलं.”

आणि त्याने डावा हात पुन्हा मांडीवर ठेवला.