आपोआप बरं होणारं दुखणं

प्रतीक्षाला आठवा महिना लागला आणि तिची डावी जांघ दुखू लागली. आधी नुसतं उठता-बसताना, मग चालतानाही. आठ दिवसांत ती लंगडायला लागली. खाटेवर पडली की मात्र दुखणं कुठल्या कुठं जाई, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

पडल्यावर जे दुखत नाही ते मळ्यात निघायच्या वेळीच कसं दुखतं, असं तिच्या सासूला, सत्यवतीला वाटे. चांदूर रेल्वेपासून कोसभरावर त्यांचा मळा. कपाशीत काही उरेना म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी झेंडू आणि शेवंती लावली होती. पूर्वी वेचणीला बाया लावत, आता घरचीच माणसं. त्यात दसरा पंधरा दिवसांवर आलेला. सत्यवतीचा मुलगा मनोज पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जाई, तो दुपारीच परते. तोडायला या दोघीच.

“आत्याबाई, मले पाय टेकवत नाई,” प्रतीक्षा एका सकाळी म्हणाली.

“दिवसात मांड्या भरतेतच, पोरी. मनोजच्या वक्ती म्या नववा लागेपर्यंत कापूस येचला. चालत राहिली तं मोकळी होशीन.”

सत्यवती दुष्ट नव्हती. सुनेला तूप घातल्याशिवाय ती जेवू देत नसे, संध्याकाळी स्वतः तिच्या पायाला तेल चोळून देई. दवाखान्यातही नेऊन आणलं होतं. तिथं सांगितलं, बाळाचा भार आहे, थोडं चालत जा. सत्यवतीला आपलंच खरं ठरल्यासारखं झालं.

एक दिवस प्रतीक्षा फावड्याचा जुना दांडा टेकत अंगणातून येताना दिसली. शेजारची पार्बताबाई कुंपणापाशी उभी होती. सत्यवतीनं पुढं होऊन तो दांडा काढून घेतला.

“काहून असं? बावीस वर्षांची बाई म्हातारीवानी काठी टेकून राहिली. लोकं काय म्हणतीन?”

प्रतीक्षा भिंतीला धरून आत गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, झेंडूची टोपली घेऊन ती पाण्याचा पाट ओलांडत होती. टोपली जड नव्हती. पाय घसरलाही नाही. डावा पाय टेकला आणि आत काहीतरी काडकन मोडलं, मग ती पडली. दोन ओळी पलीकडे असलेल्या सत्यवतीनं तो आवाज ऐकला. आपण तो ऐकला हे तिनं पुढं कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

जीपमध्ये घालून अमरावतीला नेलं. खुब्याचं हाड सांध्यापाशी मोडलं होतं. आधी पोट उघडून बाळ काढलं, मग हाडात स्क्रू बसवले. मुलगी झाली, लहानशी, पण रडली. मनोज बाजारातून तसाच आला होता, शर्टाला पाकळ्या चिकटलेल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी मनोजला आणि सत्यवतीला समोर बसवलं.

“गरोदरपणात एखादीच्या खुब्याचं हाड काही महिने विरळ होतं. फार कमी बायकांना होतं, म्हणून लवकर ओळखू येत नाही. का होतं तेही नक्की कळलेलं नाही. उभं राहिलं की दुखतं, पडलं की थांबतं.”

“मग औषध काय त्याच्यावर?” मनोजनं विचारलं.

“फारसं काही नाही. त्या पायावर भार द्यायचा नाही, काठी किंवा कुबडी घ्यायची. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हाड आपोआप भरून येतं. आता दुसऱ्या पायालाही जपा.”

मनोज आणखी काही विचारत होता. सत्यवतीला पुढचं ऐकू आलं नाही. तिनं पदर तोंडात धरला होता.

हाड नीट जुळलं नाही. आत खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा सुकत गेला आणि प्रतीक्षाचा डावा पाय दोन बोटं आखूड झाला. आईकडे अकोल्याला ती तीन महिन्यांसाठी गेली, त्याचे अकरा झाले. मनोज अधूनमधून जाऊन येई.

शेवटी सत्यवती एकटीच अकोल्याला गेली. प्रतीक्षा ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, कुबडी बाजूला. सत्यवती जमिनीवर, तिच्या पायांपाशी बसली.

“माह्यानं तुहा पाय गेला,” ती म्हणाली.

“तुमाले ठाऊक नव्हतं, आत्याबाई. डॉक्टरलेई ठाऊक नव्हतं.” प्रतीक्षानं पोरीचं टोपडं सारखं केलं. “पण मले दुखून राहिलं होतं, थे तं म्या सांगतलं होतं.”

सत्यवती तशीच बसून रडली. प्रतीक्षानं तिला उठवलं नाही, पण थोड्या वेळानं पोरगी तिच्या हातात दिली.

पुढच्या दिवाळीआधी प्रतीक्षा परत आली. तिला मळ्यात जाऊ द्यायचं नाही असं सत्यवतीनंच ठरवलं. ती बसून हार गुंफते, पोरीला न्हाऊ-माखू घालते, सासूशी नीट बोलते. थंडीत तिचा खुबा धरतो. उठताना ओठ घट्ट मिटले की सत्यवतीला कळतं, आणि ती विचारते, “दुखते का व?”

“नाई, आत्याबाई,” प्रतीक्षा म्हणते.