कलशाखालचा काळा कागद

मेहकरच्या तेलबिया संघाच्या कार्यालयात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सभासद आले होते, त्यांच्या मागून बायका आल्या होत्या, खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. टेबलावर तीन नवी फॅक्स मशीनं हारीने मांडलेली, तिन्हींना हळदीकुंकू लावलेलं, आणि समोर पाटावर कलशबाबा डोळे मिटून बसलेले. फॅक्स मशीन कोणतं घ्यायचं हे ठरवायला खरं तर कोटेशनं पुरली असती. पण अध्यक्ष गोविंदराव घाबरले होते, म्हणून त्यांनी बाबांना बोलावलं होतं.

घाबरण्याचं कारण जुनं मशीन. महिन्याभरापासून त्यातून येणाऱ्या कागदांवर ग्रहण लागल्यासारखा गोल काळा डाग उमटत होता. ज्या आठवड्यात पहिला डाग आला, त्याच आठवड्यात संघाचे लेखापाल भागवतराव खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. लोक म्हणाले, डाग. तेव्हापासून फॅक्सची घंटी वाजली की कागद उचलायला कुणाचा हात पुढे होत नसे.

अर्पिता कोपऱ्यात कौशल्याबाईंशेजारी उभी होती. ती इथली नवी लिपिक, रोज साखरखेर्ड्याहून एसटीने यायची. कौशल्याबाई शिपाई, विधवा; बारा वर्षं संघाला चहापाणी देत होत्या. अर्पिताच्या डब्यात भाजी कमी दिसली की आपल्यातली वाढायच्या.

"हे यंत्र नाही!" बाबा गरजले. "हे यमाचं तोंड आहे! तारेतून कोण बोलतो, दिसते का? नाही दिसत! मग तो जिवंतच आहे, कशावरून?"

गर्दी शहारली. असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून लोक त्याला ज्ञान समजतात.

बाबांनी पितळी कलश त्याच्या मानेला गुंडाळलेल्या लाल कापडाने धरून उचलला. पहिल्या मशीनचा कागद फाडून त्यावर ठेवला, मंत्र पुटपुटून उचलला. काळंकुट्ट वर्तुळ! दुसऱ्याच्या कागदावरही तसंच. तिसऱ्याचा कागद मात्र पांढराशुभ्र राहिला.

"हे शुद्ध!" बाबा म्हणाले. तिसऱ्या मशीनचा विक्रेता लगेच पाया पडला. तो बाबांचा जुना भक्त होता, पण त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं, तर अर्पिता गप्प बसली असती. पण बाबांना शेवटी एक बळी लागतोच, आणि तो कधी पैसेवाल्या घरातला निघत नाही.

"यम आपल्या पायानं येत नसते," बाबा आवाज खाली आणत म्हणाले. "त्याले या घरात कोणीतरी आणला."

शिष्याने प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक कागद दिला. ज्याचा त्याने आपल्या हाताने कलशाखाली धरायचा. हेडक्लार्क निवृत्तीचा पांढरा. फारुख ड्रायव्हरचा पांढरा. अर्पिताचाही पांढरा. मधेच शिष्य आपल्या थैलीतल्या थर्मासमधून कलशात गंगाजळ ओतून गेला. मग कौशल्याबाईंची पाळी आली. कलश उचलला, आणि कागदावर तोच डाग.

बायका मागे सरल्या. "करणीवाली!" कुणीतरी ओरडलं.

"मी काय केलं हो साहेब?" कौशल्याबाई म्हणाल्या. "बारा वर्षं झाले, पाणी पाजून राह्यली मी तुमाले!"

गोविंदरावांनी मान फिरवली. "बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका. सध्या घरी जा."

घरी तरी कसं जाणार? खिडकीवरची माणसं खाली उतरून दाराशी जमली होती, आणि एकाच्या हातात चप्पल होती. एक गोष्ट मात्र अर्पिताच्या नजरेतून सुटली नव्हती: सगळ्यांचे कागद सपाट पडले होते, कौशल्याबाईंचा तेवढा कडांनी वळत होता. रोलमधून फाडलेला कागद तसाच वळतो. एसटीचं तिकीटही तसंच वळतं. आणि कँटीनमध्ये चहाच्या ग्लासाखाली आलेलं तिकीट काळं पडतं, हे ती रोज बघत होती.

तिने पर्समधून सकाळचं तिकीट काढलं आणि सरळ कलशाखाली सरकवलं.

"ए पोरी, काय करून राह्यली?" बाबा उठले.

तिकीट काळं झालं होतं.

"बाबा, आता एसटी महामंडळानं पण करणी केली का?" तिने कलशाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आणि तुमचं गंगाजळ एवढं गरम काऊन?"

कुणीतरी हसलं. फारुखने खिशातलं तिकीट काढून नखाने ओरखडलं. काळी रेघ उठली. मग ज्याच्या त्याच्या खिशातून तिकिटं निघाली. अर्पिता सांगत होती, "या कागदाले शाई लागतच नाही. त्याच्यावर मसाला असते, ऊब लागली का काळा होते. बाकीच्याइले साधा कागद दिला, मावशीले रोलचा."

"मंग जुन्या मशीनचे डाग?" गोविंदरावांनी विचारलं.

कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब, तुमच्या टेबलाले डाग पडते म्हणून चुलीवरची किटली मागच्या महिन्यात तुम्हीच मशीनवर ठेवाले लावली. त्याच झाकणाखाली रोल असते."

गोविंदराव खाली बघत म्हणाले, "बाई, उद्या कामावर या." गडबडीत बाबा, शिष्य आणि थर्मास कधी निसटले, कळलं नाही. पुढे संघाने ते साध्या कागदाचं तिसरं मशीनच घेतलं, पण रोलवरची अक्षरं वर्षभरात उडतात आणि साध्या कागदावरची टिकतात, असं कारण अर्पिताने टिपणीत लिहिलं. किटलीला लाकडी स्टूल मिळालं.

चमत्कार दिसला की नमस्काराआधी हात लावून बघा. गरम आहे का, ओला आहे का, कागद कुणी दिला, हे विचारा. विचारल्याने देव रागावत नाही, फक्त बुवा रागावतो. आणि न विचारल्याने एखादीचं आयुष्य जातं.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंनी चहा आणला. कार्यालयातल्या दोघांनी तो घेतलाच नाही, तसाच गार होऊ दिला. अर्पितासमोर ग्लास ठेवून त्या थांबल्या.

"ताई, काल तुमच्याजवळ तिकीट नसतं तं?"

अर्पिताने ग्लास उचलला आणि त्या दोघांसमोर सगळा चहा पिऊन टाकला.