नाव पुसणारा हात

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे आणि आधीच सांगून टाकतो, लई भित्रा आहे. नुसती पावलं वाजली तरी मला वाटतं, कुणीतरी मला काढून न्यायलाच आलं.

धुळाप्पा सुतारानं मला सोलापुरातल्या एका कॉलेजसाठी बनवलं. तरुणपणी मी वर्गात होतो. अक्षर काय छान उठतं, म्हणून सगळे माझं कौतुक करायचे. पुढं पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला भौतिकशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात टांगलं. एरवी माझ्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. फक्त गावोगावचे शास्त्रज्ञ बैठकीला जमले की माझी आठवण होते, कारण कोण कधी बोलणार ते माझ्यावर लिहितात.

ही मंडळी आकाशातून येणारे कण मोजतात. गावोगावी यंत्रं आणि सगळ्यांचा मिळून एकच शोधनिबंध. त्यांची रीत अशी, की जी शंका बैठकीत सगळ्यांसमोर मांडली नाही ती शंकाच नव्हे.

यंदा वेळापत्रक इथंच शिकवणाऱ्या श्रीदेवी मॅडमकडं होतं. शेवटच्या दिवशी, जेवणाआधीचं शेवटचं भाषण म्हणून त्यांनी संघप्रियाचं नाव लिहिलं. ही इथलीच संशोधन करणारी मुलगी. आमच्या कॉलेजच्या गच्चीवरचं यंत्र दुपारच्या उन्हात तापलं की नसलेले कण मोजतं, हे तिनं शोधलं होतं. ती बोलली नाही तर चुकीचा आकडा सगळ्यांच्या नावानं छापला जाणार होता. सकाळपासून ती सारखी येऊन स्वतःचं नाव बघून जायची. तिला बघून मीही धास्तावलो.

आत सभागृहात परगावचे मोठे सर बोलत होते. त्यांची वेळ संपली, तरी वेळेची घंटी वाजवायला कुणी धजेना. उलट निरोप आला, की सरांना अजून बोलायचंय, शेवटचं भाषण काढून टाका. शिपाई रेवणप्पानं डस्टर मॅडमच्या हातात दिलं. "तुमीच पुसा मॅडम, माज्यानं व्हायचं न्हाय."

डस्टर टेकलं आणि पहिलं अक्षर गेलं. मला वाटलं, संपलं आता सगळं. संघप्रिया तिथंच उभी होती.

"पुसा मॅडम," ती म्हणाली. "पण मग तिथंच लिहा की, सोलापूरचा आकडा कुणी तपासला नाही म्हणून."

मॅडमचा हात थांबला. मॅडम स्वतः या मोठ्या सरांच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी, सरांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी गेलेलं अक्षर परत लिहिलं. खडू इतका दाबला, की मोडलाच. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी स्वतःच घंटी वाजवली. पाठोपाठ संघप्रिया आत गेली. त्या दिवशी जेवणं गार झाली, कारण तिला विचारायचे प्रश्नच संपेनात. सोलापूरचा आकडा छापायचा थांबला.

आता माझ्या जागी टीव्हीचा पडदा येणार म्हणे, मोबाइलवरून बदलता येणारा. भंगारात जायची भीती वाटतेच मला, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती वेगळी आहे. त्या पडद्यावरून एखादं नाव गेलं, तर कुणी काढलं ते कळणारसुद्धा नाही. माझ्यावरचं नाव पुसायला माणसाला समोर उभं राहावं लागतं. तेव्हा मित्रांनो, जमलं तर मला जपा. नाहीच जमलं तर एवढं तरी करा, नाव पुसणारा हात सगळ्यांना दिसू द्या.