मी, कडुबांची डावी कातर

मित्रांनो, मला हातात घ्यायचं असेल तर आधी डावा हात पुढं करा! उजवा पुढं केलात तर मी चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मग म्हणू नका की कातर नाठाळ आहे.

हो, मी एक कातर आहे. कापडाची नाही हं, पत्र्याची. वयानं जुनी, अंगानं जड आणि ऐटीत कुणाचं न ऐकणारी. वाळूजच्या कारखान्यांमागच्या गल्लीत पुंडलिकरावांचं पत्र्याच्या कामाचं शेड आहे. तिथल्या भिंतीवर एक लांब फळी आहे, त्या फळीला मी टांगलेली असते. शेजारच्या खिळ्यावर पुंडलिकरावांची कातर असते, ती उजव्या हाताची. आता आमचं दोघींचं छान जमतं. पण मधे अशी काही वर्षं गेली, की ती रोज कामाला जायची आणि मी रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटायची. सांगते, सगळं सांगते.

पुंडलिकरावांचे वडील कडुबा. पत्र्याचे नावाजलेले कारागीर, आणि जन्माचे डावखुरे. बाजारात मिळणारी प्रत्येक कातर उजव्या हातासाठी घडवलेली. ती डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेवर येऊन बसतं. रेघच दिसत नाही, मग कापणार काय, डोंबल! कडुबा बिचारे मान वाकडी करकरून काम करायचे आणि लोक त्यांना "ए डावऱ्या, मान मोडंल तुझी" म्हणून हसायचे. शेवटी एक दिवस ते शहागंजच्या मागं राहणाऱ्या उस्मानचाचा लोहारांकडं गेले.

"क्या मियाँ," चाचा भाता ओढता ओढता हसले, "सारी दुनिया सीधे हात की, तुम एकलेच उल्टे कां से निकले?"

"दुनियेचं ऱ्हाऊ द्या चाचा. माझ्या एकट्याचं बघा."

चाचांनी ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा भट्टीत घातला. तीच मी! लालभडक झाले, ऐरणीवर आडवी झाले, घाव सोसले, पाण्यात चर्र करून गार झाले. आणि पाती जोडताना चाचांनी ती इतर कातरींच्या बरोबर उलट जोडली, आरशात बघून जोडावी तशी. मला कडुबांच्या डाव्या हातात देत ते म्हणाले, "लेओ. तुमारे हात में ये काटेंगी. दुसरे के हात में चबाएंगी."

मित्रांनो, मग काय सांगू तुम्हाला माझ्या भरात आलेल्या दिवसांबद्दल! धान्याच्या कोठ्या, कूलरच्या पेट्या, गिरणीची भली मोठी नरसाळी, कारखान्यातल्या गरम हवेचे डक्ट, सगळं आम्ही केलं. वेरूळच्या रस्त्यावर उसाच्या रसवंत्या लागतात ना, त्यातल्या एकीच्या छपराची झालर माझ्या पात्यांतून उतरलेली आहे. लोक रस पितात नि वर बघतात! कडुबा आधी सिमेंटच्या गोणीचा कागद कापून घडी घालून बघायचे, मग पत्र्याला हात लावायचे. आणि त्यांचा एक नियम होता: कातरीचं तोंड पुरतं मिटायचं नाही. पाती शेवटपर्यंत मिटली की कापाच्या कडेवर दात पडतो. थोडं तोंड उघडं असतानाच पुढं सरकायचं. त्यामुळं आमचा काप असा गुळगुळीत यायचा की कडेवरून बोट फिरवावं. (तुम्ही फिरवू नका. पत्रा आहे तो!)

एका वर्षी कडुबांच्या गावी, करमाडला, बुद्धविहार बांधायला काढला. दाराच्या माथ्यावर तांब्याचं पिंपळपान बसवायचं कडुबांनी कबूल केलं. त्यांनी मोठ्या हौसेनं तांब्याचा एक पत्रा आणला आणि सुईनं त्यावर पान आखलं. खाली गोल गरगरीत पोट, वर दोन्ही खांद्यांवरून आत वळत गेलेली लांब निमुळती शेपटी. एकाच दमात ओढल्यासारखी रेघ होती ती. पण विहाराचं काम रखडलं. कडुबा मला पुसून म्हणायचे, "थांब, त्यांच्या भिंती होऊ दे. मग आपण दोघं कापू." भिंती व्हायच्या आधीच कडुबा गेले. पत्रा गोणपाटात गुंडाळून कपाटामागं गेला आणि मी खिळ्यावर.

पुंडलिकराव काही वाईट कारागीर नाहीत. पण त्यांचा हात उजवा. त्यांनी मला दोनतीनदा घेऊन बघितलं, आणि चाचा म्हणाले होते तसंच झालं. मी पत्रा कापला नाही, चावला. "बाबांची कातर बाबांबरोबरच गेली," असं म्हणून त्यांनी मला ठेवून दिलं. मग कुणी माझ्यानं झाकण उचकटलं, कुणी खिडकी उघडी राहावी म्हणून मला फटीत कोंबलं. माझ्या बोल्टावर गंज चढला. मला रडता येत नाही मित्रांनो, नाहीतर सांगते.

अशात यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पुंडलिकरावांची मुलगी विशाखा शेडवर यायला लागली. नववीची परीक्षा नुकतीच दिलेली, तोंड एक मिनिट बंद नाही. तिला पत्र्याचं काम शिकायचं होतं, आणि ती ते विचारत नव्हती, जाहीर करत होती! पुंडलिकरावांनी तिला आपली कातर दिली. तिनं उजव्या हातानं एक तुकडा कापला. पुंडलिकरावांनी तो उजेडात धरला.

"हे कापलंस का कुरतडलंस गं?"

"पहिलाच हाये ना पप्पा."

"परवापासून तुझा पहिलाच चाललाय. पत्र्याला हात लागतो, विशू. जीभ नाय."

विशाखा हसली, पण कान लाल झाले. मला ते वरून दिसलं. मला आणखीही एक दिसलं होतं. टेबलावरून पाना घसरला की ती झटकन डावा हात पुढं करून झेलायची. जड पेटी उचलताना डावा. डास मारताना डावा! मी खिळ्यावरून बघायची आणि मनात म्हणायची, अगं बाई! ही तर आपल्यातली!

पण दुपारी मनकर्णाबाई, म्हणजे कडुबांची बायको, विशाखाची आजी, डबा घेऊन यायच्या. विशाखाचा डावा हात भाकरीकडं गेला की त्यांचा आवाज यायचा, "विशे, उजवा!" की लगेच हात बदलायचा. लहानपणापासून हेच. लिहिणं उजवं, जेवणं उजवं, सगळं उजवं.

एका दुपारी विशाखानं मला खिळ्यावरून खाली काढलं. "ही बघा, किती घाण करून ठेवलीय!" असं म्हणत तिनं मला रॉकेलमधे बुडवलं, बोल्ट सोडवला, गंज घासला, तेलाचे दोन थेंब सोडले. पुसता पुसता तिनं मला सहज डाव्या हातात घेतलं नि उघडमीट केली. कच! कच! इतक्या वर्षांनी! माझं सगळं अंग शहारलं.

"विशे," दारातून आवाज आला, "उजवा."

तिनं मला परत खिळ्यावर टांगलं.

आणि मग बुद्धपौर्णिमा जवळ आली. करमाडचा विहार पुरा झाला होता आणि पौर्णिमेला सकाळी कार्यक्रम होता. कामांच्या गडबडीत पुंडलिकरावांच्या हातून पान राहूनच गेलेलं. लेझर मशीनवाल्यानं एकाच नगासाठी, त्यातही तांब्यासाठी, हात जोडले. शेवटी आदल्या दिवशी दुपारी पुंडलिकरावांनी कपाटामागचं गोणपाट सोडलं. कडुबांची रेघ अजून लखलखत होती. पत्रा एकच. दुसरा आणला असता तरी त्यावर ती रेघ थोडीच आली असती?

पुंडलिकरावांनी आपल्या कातरीनं पानाचं पोट कापलं. एक बाजू, मग दुसरी. सुरेख! मी मोकळेपणानं सांगते, त्या कातरीचं काम पाहून मला हेवा वाटला. पण खांद्यावर आल्यावर रेघ उलटी वळते. तिथं तिला वळता येईना. पत्रा पात्यात अडकून सुरकुतला. सुदैवानं सुरकुती रेघेबाहेर, कतरणीत पडली. टोकाकडून उलटं कापत यावं, तर ती निमुळती शेपटीच पिळवटून गेली असती. पुंडलिकरावांनी घाम पुसला.

"शेपटी काढून टाकतो. गोलच ठेवतो वरून. एवढ्या उंचावर कोण बघायला जातंय?"

"पप्पा!" विशाखा उभीच राहिली. "पिंपळाचं पान हाये ते, पेरूचं नाय! आजोबांनी आखलंय!"

"मग काय करू? आजोबांना बोलावू?"

 मनकर्णाबाई डब्याला फडकं बांधत होत्या. त्यांनी गाठ तशीच सोडली, उठल्या, फळीपाशी आल्या आणि मला खाली काढलं.

"घे," त्या विशाखाला म्हणाल्या. विशाखानं उजवा हात पुढं केला. "तो नव्हं. तुझा हात दे. तुझा."

"आजी?"

"तुझ्या आज्याला लोक लई हसायचे. तुला कुणी हसू नाय म्हणून तुला वळण लावलं. पण ही तर तुला हसत नाय ना? मग घे."

पुंडलिकरावांनी आधी कतरणीचा एक तुकडा पुढं सरकवला. विशाखानं मला डाव्या हातात धरलं, आणि मित्रांनो, मी कापलं! कतरणीची पट्टी जिलबीसारखी गोल वळत निघाली. पुंडलिकराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तांब्याचा पत्रा दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर आडवा केला.

"हळू. एकदा कापलं की जोडत नसतो पत्रा. आन् तोंड पुरतं..."

"मिटायचं नाय. म्हाईत हाये. तुम्हीच सांगता रोज."

 पहिला खांदा आला. रेघ माझ्या पात्याशेजारी उघडी, स्वच्छ, पुरती दिसत होती. कडुबांनी ती माझ्याचसाठी आखली होती! आम्ही वळलो. आत, अजून आत, मग सरळ वर. टोकाशी तिनं श्वास रोखला. मग दुसरा खांदा. शेवटची कतरण टणकन फरशीवर पडली.

विशाखानं पान उचललं नि आधी आजीकडं बघितलं. मनकर्णाबाईंनी पदरानं पानावरचा हाताचा डाग पुसला आणि म्हणाल्या, "बाई गं. तसंच."

दुसऱ्या दिवशी करमाडला पान बसवायला मीही पिशवीतून गेले होते. कुठं कड घासावी लागली तर? लागली नाही! सकाळचं ऊन पानावर पडलं आणि शेपटी अशी झळकली की जय भीम म्हणायला हात जोडलेली माणसं तशीच वर बघत राहिली. कारभारी नावाचे एक म्हातारे डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "ही तर कडुबाच्या हातची शेपटी! त्यानं जायच्या आधीच कापली व्हती का काय?"

"नाय काका," पुंडलिकराव म्हणाले. त्यांची छाती किती फुगली होती म्हणून सांगू! "पोट माझं हाये. शेपटी माझ्या पोरीची."

"कोणत्या हातानं गं?"

विशाखानं डावा हात वर केला, शाळेत उत्तर येत असल्यावर करतात तसा, ताठ.

नंतर खीर वाढली. विशाखानं द्रोण घेतला आणि डाव्या हातात चमचा धरून थबकली. मनकर्णाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"खा की," त्या म्हणाल्या. "सांडू नको म्हंजे झालं."

तर मित्रांनो, आता माझा खिळा बहुतेक वेळा रिकामाच असतो, कारण मी कामावर असते! पुंडलिकरावांच्या हातची वळणं शेजारीण घेते, उलटी मी घेते. तुमच्या घरी, शेतावर, दुकानात कुठं एखादं जुनं हत्यार गंजत पडलं असेल, तर त्याला आधी तेलाचे दोन थेंब द्या. त्याच्यानं डबे उचकटू नका, फार अपमान होतो. आणि ते चालत नाही म्हणून भंगारात टाकायच्या आधी ते घरातल्या प्रत्येकाच्या हातात एकेकदा देऊन बघा. दोन्ही हातांत, बरं का.